'वाचून झालेल्या' कादंबऱ्या : श्रेष्ठतेच्या याद्या आणि वाचनाचा हिशेब

१९९८ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या 'रँडम हाउस' या प्रकाशनसंस्थेच्या 'मॉडर्न लायब्ररी' या ग्रंथमालेने विसाव्या शतकातील शंभर श्रेष्ठ इंग्रजी कादंबऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. दहा जणांच्या मंडळाने ती सिद्ध केली होती. त्या मंडळात डॅनियल बूर्स्टिन व आर्थर श्लेसिंजर यांच्यासारखे इतिहासकार होते, गोर विदाल व विल्यम स्टायरन यांच्यासारखे कादंबरीकार होते आणि स्त्री म्हणावी अशी एकच व्यक्ती, ए. एस. बायट, होती. यादीत पहिल्या क्रमांकावर जेम्स जॉइसची 'युलिसिस', दुसऱ्यावर स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी', तिसऱ्यावर पुन्हा जॉइसच आणि चौथ्यावर नाबोकोव्हची 'लोलिता' होती. यादीवर ताबडतोब वादळ उठले. शंभर कादंबऱ्यांपैकी स्त्रियांनी लिहिलेल्या केवळ नऊ का, टोनी मॉरिसनची एकही कादंबरी का नाही, कॉनरॅडच्या चार का, असे प्रश्न विचारले गेले. रॅडक्लिफ येथील प्रकाशनविषयक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनी पर्यायी यादी केली. तीत 'गॅट्सबी' पहिली आली आणि ॲलिस वॉकर व टोनी मॉरिसन यांना पहिल्या सातांत स्थान मिळाले. वाचकांकडून मागवलेल्या मतांतून तिसरी यादी निघाली. तिच्या पहिल्या दहा जागांपैकी चार आयन रँडने आणि तीन एल. रॉन हबर्डने व्यापल्या. संघटित अनुयायी मतदानाला उतरले की वाङ्मयीन लोकशाहीचे काय होते, याचा हा एक करमणूक करणारा पुरावा होय.

या वादात जवळजवळ सगळे लक्ष 'कोण आत, कोण बाहेर' या प्रश्नावर केंद्रित झाले. हा प्रश्न क्षुल्लक नाही. परंतु तो विचारणाऱ्यांनी यादी या रूपाचा स्वीकार आधीच केलेला असतो. यादी दुरुस्त करा, असे ते म्हणतात. यादी वाचनाचे काय करते, असे विचारत नाहीत. गेल्या काही दशकांत अशा याद्या हाती घेऊन त्यांतील एकेक कादंबरी क्रमाने वाचणारा, वाचलेल्या शीर्षकापुढे खूण करणारा आणि वर्षाअखेरीस आपली संख्या मोजणारा वाचक मोठ्या प्रमाणावर तयार झाला आहे. या वाचकाची थट्टा करणे सोपे आहे, आणि समीक्षकांनी ती भरपूर केली आहे. त्याच्या व्यवहाराकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहणे मात्र क्वचितच घडले.

प्रथम यादीच्या मालकीविषयी. 'मॉडर्न लायब्ररी' ही माला १९१७ साली सुरू झाली. १९२५ मध्ये बेनेट सर्फ व डोनाल्ड क्लॉफर यांनी ती विकत घेतली आणि तिच्याच बळावर दोन वर्षांनी 'रँडम हाउस' उभे राहिले. 'युलिसिस'वरील अमेरिकेतील बंदी उठवण्यासाठी याच सर्फनी न्यायालयीन लढा दिला; १९३३ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती वूल्सी यांनी पुस्तकाच्या बाजूने निकाल दिला आणि १९३४ मध्ये 'रँडम हाउस'ची आवृत्ती बाजारात आली. पासष्ट वर्षांनी त्याच संस्थेच्या यादीत तेच पुस्तक पहिले आले, आणि निवड मंडळावर क्रिस्टोफर सर्फ, म्हणजे बेनेट सर्फ यांचे चिरंजीव, होते. यात कारस्थान शोधण्याचे कारण नाही. 'युलिसिस'ला पहिले स्थान देणारे वाचक त्या घराण्याबाहेरही असंख्य आहेत. परंतु प्रकाशकाच्या सूचीपत्राला मूल्यनिर्णयाचा पोशाख चढवला की तो किती सहज अंगावर बसतो, एवढे यावरून दिसते.

अशा याद्यांचा इतिहास अर्थातच अधिक जुना आहे. १८८६ च्या प्रारंभी लंडनमधील 'वर्किंग मेन्स कॉलेज'मध्ये सर जॉन लबक यांनी वाचनावर व्याख्यान दिले आणि त्यात शंभर पुस्तकांची शिफारस केली. लबक हे बँकर, पार्लमेंटचे सभासद, मुंग्यांचे अभ्यासक आणि त्या कॉलेजचे प्राचार्य. १८७१ चा बँकांच्या सार्वजनिक सुट्यांचा कायदाही त्यांच्याच प्रयत्नांतून झालेला. हा योगायोग बोलका आहे. ज्या गृहस्थाने इंग्रज नोकरदाराला कायद्याने मोकळा दिवस मिळवून दिला, त्यानेच त्या मोकळ्या वेळात काय वाचावे याचा तक्ताही दिला. 'पॉल मॉल गॅझेट'ने त्या यादीवर नामवंतांची मते मागवली, तेव्हा जॉन रस्किनने यादीवर शाईने अशी काट मारली की पुष्कळ नावे तिच्याखाली दिसेनाशी झाली. पुढे रुटलेज या प्रकाशकाने 'सर जॉन लबक यांची शंभर पुस्तके' अशी मालाच काढली. व्याख्यान, वाद, आणि मग विक्रीची माला : यादीच्या जीवनक्रमातील तिन्ही अवस्था इथे एका दशकात पुऱ्या झाल्या.

हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांची 'पाच फुटी फळी' १९०९ मध्ये आली, आणि तिच्यासोबत 'दिवसाला पंधरा मिनिटे' हे सूत्र. त्याच वर्षी आर्नल्ड बेनेटने वाङ्मयीन अभिरुची कशी घडवावी यावर पुस्तक लिहून त्यात ग्रंथसंग्रहाची यादी दिली. प्रत्येक पुस्तकाची किंमत देऊन पौंड, शिलिंग, पेन्स अशी बेरीजही मांडली. बेनेट कादंबरीकार होता आणि पैशाचे मोल जाणणारा होता. त्याच्या बेरजेत कसलेही ढोंग नाही. एलियटच्या पंधरा मिनिटांत मात्र ते आहे. कारण कादंबरी ही पंधरा मिनिटांत विभागता येणारी गोष्ट नव्हे, ही अडचण त्या योजनेत गृहीत धरलेलीच नाही. मूळ संचात कादंबरीला फारसे स्थान नव्हते आणि १९१७ मध्ये तिच्यासाठी वीस खंडांची स्वतंत्र फळी करावी लागली, हे अगदीच अकारण घडले नसावे.

श्रेष्ठ कादंबऱ्या निवडण्याचा दुसराही एक मार्ग इंग्रजी समीक्षेत आहे. एफ. आर. लीव्हिसने १९४८ मध्ये 'द ग्रेट ट्रॅडिशन' लिहून इंग्रजी कादंबरीची परंपरा मोजक्या नावांवर आणून ठेवली : जेन ऑस्टिन, जॉर्ज एलियट, हेन्री जेम्स, कॉनरॅड. डिकन्सला त्याने 'हार्ड टाइम्स'पुरता प्रवेश दिला. ही निवड 'मॉडर्न लायब्ररी'च्या यादीपेक्षा कितीतरी अधिक अनुदार आहे. तरीही ती यादी नाही, कारण तिच्यातील प्रत्येक नावामागे पानोपानी केलेला युक्तिवाद आहे, आणि युक्तिवाद असल्यामुळेच ती खोडून काढता येते. स्वतः लीव्हिसलाही ती बदलता आली : १९७० मध्ये त्याने क्यू. डी. लीव्हिससह डिकन्सवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि डिकन्सला फार वरचे स्थान दिले. यादीला असे मतपरिवर्तन शक्य नसते. तिच्यात नाव घालता येते किंवा काढता येते. आधीचे मत का चुकले हे सांगण्याची जागाच तिच्यात नसते. १९९८ च्या यादीतील क्रम मतांच्या बेरजेतून निघाला होता. 'युलिसिस' ही 'गॅट्सबी'पेक्षा एका पायरीने श्रेष्ठ का, याचे उत्तर त्या बेरजेपलीकडे कोठेही नव्हते.

जॉन गिलरी यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले आहे की 'कॅनन' नावाची संपूर्ण वस्तू कोठेच अस्तित्वात नसते. ती कल्पिलेली समग्रता असते, प्रत्यक्षात असतात त्या केवळ अभ्यासक्रमांच्या याद्या. हे विधान विद्यापीठापुरते बरोबर आहे. विद्यापीठात यादीला शिक्षक, वर्ग, परीक्षा यांची चौकट असते आणि यादीतील पुस्तकावर निदान काही आठवडे बोलणे घडते. घरी एकट्याने यादी वाचणाऱ्याला ती चौकट नसते. त्याच्याजवळ उरते ती फक्त खूण. गिलरींच्या विवेचनात या वाचकाला जागा नाही. आणि संख्येने तोच अधिक आहे.

या खुणेचा अर्थ काय? मराठीत 'वाचणे' या क्रियापदाला जोडून येणारी सहायक क्रियापदे या ठिकाणी फार उपयोगी पडतात. 'कादंबरी वाचली', 'वाचून झाली', 'वाचून काढली', 'वाचून टाकली' या चार प्रयोगांत क्रिया एकच आहे, पण वाचक व पुस्तक यांचे नाते चार प्रकारचे आहे. 'वाचली' यात अनुभवाचा निर्देश आहे. 'वाचून झाली' यात काम उरकल्याची नोंद आहे, आणि कर्ता वाक्यातून जवळजवळ निघून गेला आहे. 'वाचून काढली' यात श्रमाचा, शेत खणून काढावे तसा, भाव आहे. 'वाचून टाकली' मध्ये पुस्तक हातावेगळे झाले आहे. यादीपुढील खूण या चारांत भेद करू शकत नाही; परंतु तिचा कल उघडपणे शेवटच्या तिघांकडे आहे.

खूण हे एकक म्हणूनही किती सदोष आहे ते 'मॉडर्न लायब्ररी'च्या यादीवरूनच दाखवता येते. तीत त्रेचाळिसाव्या क्रमांकावर अँथनी पॉवेलची 'अ डान्स टू द म्युझिक ऑफ टाइम' आहे. हे एक शीर्षक नसून १९५१ ते १९७५ या काळात प्रसिद्ध झालेल्या बारा कादंबऱ्या आहेत. लॉरेन्स डरेलचे अलेक्झांड्रियाविषयीचे चतुष्टय आणि फोर्ड मॅडॉक्स फोर्डचे 'परेड्स एंड' यांत प्रत्येकी चार. डॉस पॅसॉसच्या 'यू. एस. ए.'मध्ये आणि फॅरेलच्या 'स्टड्स लॉनिगन'मध्ये प्रत्येकी तीन. या पाच नोंदींत मिळून सव्वीस कादंबऱ्या आहेत. म्हणजे 'शंभर कादंबऱ्या' प्रत्यक्षात किमान एकशे एकवीस होतात. उलट शेरवुड अँडरसनचे 'वाइन्सबर्ग, ओहायो' हा कथासंग्रह आहे. डी. एच. लॉरेन्सच्या 'द रेनबो' आणि 'विमेन इन लव्ह' या दोन कृती एकाच संकल्पित कादंबरीतून निघालेल्या असूनही स्वतंत्र मोजल्या आहेत. 'हार्ट ऑफ डार्कनेस' एका संध्याकाळी वाचता येते, पॉवेलच्या बारा खंडांना एक हिवाळा पुरत नाही; दोहोंपुढे खूण एकच. हिशेब ठेवणाऱ्या प्रामाणिक वाचकाला हे फार लवकर कळते आणि तो लहान पुस्तकांकडे वळतो. २०११ पासून 'गुडरीड्स' या वाचकांच्या संकेतस्थळाने वर्षाला किती पुस्तके वाचणार याचा आकडा वाचकाकडून आधी मागण्याची आणि तो त्या आकड्याच्या पुढे आहे की मागे हे सांगत राहण्याची पद्धत रूढ केली. तेव्हा तर हा कल व्यवस्थेतच बांधला गेला. आकडा पुरा करणारा डिसेंबरात 'वॉर अँड पीस' हाती घेत नाही.

तथापि हे आक्षेप व्यावहारिक आहेत, आणि चतुर यादीकार पानांची संख्या मोजून ते दूर करू शकेल. मूळ अडचण अशी की यादीने ज्या कृतींना श्रेष्ठ म्हणून वर आणले, त्यांपैकी काही कृतींची रचनाच 'वाचून झाली' या कल्पनेच्या विरोधात उभी आहे.

अकराव्या क्रमांकावरील माल्कम लाउरीची 'अंडर द व्होल्कॅनो' पाहावी. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत बारा प्रकरणे आहेत. दुसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अकरा प्रकरणे १९३८ च्या नोव्हेंबरातील एकाच दिवशी, मेक्सिकोतील मृतांच्या सणाच्या दिवशी, घडतात. पहिले प्रकरण मात्र बरोबर एका वर्षानंतरचे आहे. म्हणजे कादंबरीच्या प्रारंभीच सर्व संपलेले असते, आणि लारुएल नावाचा फ्रेंच गृहस्थ मेलेल्या कॉन्सलविषयी, त्याच्या हरवलेल्या पत्राविषयी, मोडलेल्या मैत्रीविषयी विचार करीत गावातून हिंडतो. पहिल्या वाचनात हे प्रकरण कंटाळवाणे व दुर्बोध वाटते. त्यातील कोणत्याही नावाला अजून वजन आलेले नसते. प्रकाशकाच्या परीक्षकालाही ते तसेच वाटले होते आणि ते बदलावे असा आग्रह झाला होता. लाउरीने १९४६ च्या जानेवारीत प्रकाशक जोनाथन केप याला लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्याचे समर्थन केले. कादंबरीचा आकार चाकाचा असून शेवटास पोचलेल्या वाचकाने पुन्हा प्रारंभाकडे यावे, अशी आपली योजना असल्याचे त्याने त्यात समजावले आहे. बारावे प्रकरण संपल्यानंतर पहिले पुन्हा उघडणाऱ्याला ते जवळजवळ असह्य होते. दरीत फेकल्या गेलेल्या माणसाचे पत्र आता एक जिवंत, उशिरा पोचलेले पत्र होते. कादंबरीचे शोकात्म सामर्थ्य या दुसऱ्या वाचनात आहे. यादीवाल्या वाचकाने बारावे प्रकरण संपताच खूण केली, तर त्याने लाउरीची कादंबरी वाचली की तिची सामग्री पाहिली, असा प्रश्न उपस्थित होतो.

सहाव्या क्रमांकावरील फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी'ची गोष्ट निराळी नाही. बेंजीच्या पहिल्या विभागात क्वेंटिन हे नाव कधी मामाचे असते, कधी भाचीचे. काळ वाक्याच्या मध्यावर बदलतो. कादंबरी पूर्ण झाल्याखेरीज हा विभाग उलगडत नाही आणि उलगडल्यावर पुन्हा वाचल्याखेरीज त्याचा उपयोग नाही. स्वतः फॉकनरचेही तिच्याशी असलेले काम संपले नव्हते. १९२९ च्या या कादंबरीला त्याने १९४६ मध्ये, माल्कम काउलीने केलेल्या निवडक संग्रहाच्या निमित्ताने, कॉम्प्सन घराण्याविषयीचे परिशिष्ट जोडले. तिसाव्या क्रमांकावरील फोर्डच्या 'द गुड सोल्जर'चा निवेदक डॉवेल आपली हकिकत इतक्या वेळा मागे जाऊन दुरुस्त करतो की पहिल्या वाचनात त्याच्यावर ठेवलेला विश्वास ही वाचकाचीच चूक ठरते. त्रेपन्नाव्या क्रमांकावरील नाबोकोव्हच्या 'पेल फायर'मध्ये ९९९ ओळींची कविता आणि तिच्यावरील भाष्य आहे. भाष्यकार प्रस्तावनेतच सुचवतो की आधी टिपा वाचाव्यात, मग कविता, मग पुन्हा टिपा. या पुस्तकाचे शेवटचे पान कोणते हे कोणी सांगावे? आणि सत्त्याहत्तराव्या क्रमांकावर जॉइसची 'फिनेगन्स वेक' आहे, जिचे अर्धवट सुटलेले अंतिम वाक्य पहिल्या पानावरील अर्धवट वाक्यात जाऊन पुरे होते. तिच्यापुढे 'पूर्ण' अशी खूण करणे हा तिच्या लेखकाला नक्कीच आवडला असता असा विनोद आहे.

आधुनिक कादंबरीने पुनर्वाचन ही आस्वादाची ऐच्छिक पायरी न ठेवता तिला रचनेचा भाग केले, आणि याच कादंबरीच्या गौरवासाठी निघालेल्या याद्यांनी एकदाच वाचण्याची रीत पक्की केली. हा अंतर्विरोध निवडीतील कोणत्याही पक्षपातापेक्षा खोल आहे, कारण तो मंडळ बदलून दूर होत नाही.

क्रमाने, ठरावीक दिवसांत, हिशेब ठेवून वाचणे ही गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. पारायण हे तेच आहे. 'गुरुचरित्रा'च्या सप्ताहात कोणत्या दिवशी कोठून कोठपर्यंत वाचायचे याची विभागणी ठरलेली असते, आणि ती अध्यायांच्या समान वाटणीची नसते. एखाद्या दिवशी दहा-बारा अध्याय येतात तर एखाद्या दिवशी दोन-तीनच. समाप्तीला महत्त्व असते. तेव्हा मुदत आणि मोजणी यांमुळेच वाचन उथळ होते असे म्हणता येत नाही. फरक आहे तो पुढच्या टप्प्यात. पारायणाची समाप्ती पुढच्या पारायणाची शक्यता खुली ठेवते. ग्रंथ तोच राहतो, वाचणाऱ्याचे वय बदलते, आणि तीच ओवी वीस वर्षांनी निराळी भेटते. तिथे मोजली जाते ती आवर्तने. यादीत मोजली जातात ती शीर्षके, आणि समाप्तीनंतर ग्रंथ कायमचा मागे पडतो. अर्थात पारायणात अर्थाकडे लक्ष नसले तरी पुण्य मिळते अशी श्रद्धा असते, आणि यादी वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची श्रद्धा याहून फार वेगळी नसते. हे साम्य मात्र मान्य केले पाहिजे.

असे असूनही यादीला सरसकट मोडीत काढणे अन्यायाचे होईल. लबक बोलत होते ते कामगारांपुढे. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, ज्याला काय वाचावे हे जेवताना बोलण्यातून कळत नाही, त्याला सुरुवात कोठून करावी हे कोणीतरी सांगावेच लागते. १९०६ मध्ये जे. एम. डेंटने शिलिंगला एक खंड या दराने 'एव्हरीमन्स लायब्ररी' सुरू केली आणि हजार खंडांचे ध्येय ठेवले. त्या मालेची क्रमवार यादी हाच इंग्लंडमधील असंख्य खाणकामगारांचा व गिरणीकामगारांचा अभ्यासक्रम होता. जोनाथन रोझ यांनी २००१ च्या ग्रंथात या स्वयंशिक्षित वाचकांच्या आत्मकथनांतून जे पुरावे गोळा केले आहेत, त्यांवरून दिसते की त्यांनी याद्या भक्तिभावाने स्वीकारल्या आणि नंतर त्यांतील पुस्तकांच्या बळावरच यादी देणाऱ्यांशी भांडण मांडले. अभिजनांना यादीचा तिटकारा येतो, कारण त्यांना ती वारशाने मिळालेली असते. ती लिहून काढण्याची गरज त्यांना पडत नाही.

वाचनाची नोंद ठेवण्याच्या सवयीविषयीही असेच म्हणावे लागते. ग्लॅडस्टनने सुमारे सत्तर वर्षे लिहिलेल्या दैनंदिनीत जवळपास वीस हजार शीर्षकांची नोंद आहे, आणि तो उथळ वाचक होता असे कोणी म्हणणार नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९१६ मधील 'अवर्स इन अ लायब्ररी' या लेखात तरुणपणीच्या एका जुन्या वहीचे वर्णन केले आहे. थोर लेखकांची गुणानुक्रमे लिहिलेली नावे, वाचायच्या पुस्तकांच्या याद्या, आणि खरोखर वाचलेल्या पुस्तकांपुढे तांबड्या शाईच्या अभिमानी खुणा, असे सगळे तीत आहे. वुल्फ या वहीकडे हसून पण प्रेमाने पाहते. विसाव्या वर्षीच्या त्या अधाशी वाचनाला ती वाचनाचा खरा ऋतू मानते. पण वहीतील बहुतेक पाने पुढे कोरी आहेत, हेही ती नोंदवते. तांबडी शाई त्या वयाची होती. वाचन पुढे चालू राहिले, मोजणी थांबली.

सॉमरसेट मॉमची गोष्ट याच्या नेमकी उलट आणि काहीशी खेदाची आहे. एका अमेरिकन मासिकाच्या विनंतीवरून त्याने जगातील दहा श्रेष्ठ कादंबऱ्यांची यादी दिली, आणि नको ती पाने गाळून वाचण्याच्या कौशल्याची शिफारस केली. मग एका प्रकाशकाने त्या कादंबऱ्यांच्या मॉमने स्वतः काटछाट केलेल्या आवृत्त्याच काढल्या. 'मोबी डिक' त्यात होती. तिच्यातील देवमाशाविषयीची प्रकरणे गाळली की कथानक सुटसुटीत होते आणि मेल्व्हिल उरत नाही. वाचकाने आपल्या जबाबदारीवर पाने गाळणे वेगळे आणि श्रेष्ठतेच्या यादीने ती आधीच गाळून देणे वेगळे.

यादीच्या सीमारेषा कशाने ठरतात याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २००५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने लेव्ह ग्रॉसमन व रिचर्ड लकायो यांच्याकडून शंभर इंग्रजी कादंबऱ्यांची निवड करून घेतली. मुदत होती १९२३ पासून पुढे, कारण 'टाइम' त्या वर्षी जन्मले. 'युलिसिस' १९२२ ची. म्हणून सात वर्षांपूर्वी शतकातील पहिली ठरलेली कादंबरी या यादीत औषधालाही नाही. दुसरे उदाहरण भारतीय वाचकाला अधिक जवळचे आहे. लबकच्या १८८६ च्या यादीत भारतातून 'महाभारत' आणि 'रामायण' या कृती होत्या, त्याही टॉलबॉइज व्हीलरने केलेल्या संक्षेपात. २००२ मध्ये नॉर्वेतील ग्रंथ मंडळांनी चोपन्न देशांतील शंभर लेखकांना विचारून जागतिक साहित्यातील शंभर ग्रंथांची यादी केली. तीत भारतातून पुन्हा 'महाभारत' आणि 'रामायण' आले, आणि 'शाकुंतल'ही. भर पडली ती सलमान रश्दी यांच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'ची, जी इंग्रजीत लिहिलेली आहे. मधल्या एकशे सोळा वर्षांत मराठी, बंगाली, उर्दू, मल्याळम, कन्नड, हिंदी या भाषांत कादंबरी वाढली, आपापल्या समाजाला तिने हलवले. त्या यादीपर्यंत यातील एकही पोचली नाही. याचे खापर मतदारांच्या आकसावर फोडता येणार नाही. मतदाराने जे वाचले त्यालाच तो मत देणार, आणि त्याने वाचले ते जे अनुवादित होऊन त्याच्या हाती आले. यादी मूल्य मोजते असे भासते, पण आधी ती उपलब्धता मोजते.

अनुवादाचा हा प्रश्न 'मॉडर्न लायब्ररी'च्या यादीतही दडलेला आहे, आणि तिथे तो अधिक अडचणीचा आहे. ती यादी कटाक्षाने इंग्रजी कादंबऱ्यांची होती. प्रूस्त, काफ्का, मान यांना त्याच कारणाने तीत प्रवेश नव्हता. तरी तिच्यात आठव्या क्रमांकावर आर्थर कोस्लरची 'डार्कनेस ॲट नून' आहे. ही कादंबरी कोस्लरने जर्मन भाषेत लिहिली. पॅरिसमध्ये त्याच्यासोबत राहणाऱ्या डॅफ्नी हार्डी या तरुण शिल्पकार स्त्रीने तिचा घाईघाईने इंग्रजी अनुवाद केला आणि १९४० मध्ये तो लंडनला प्रसिद्ध झाला. युद्धाच्या धामधुमीत जर्मन मूळ हरवले, आणि पंचाहत्तर वर्षे जगातील सर्व अनुवाद, एवढेच नव्हे तर कोस्लरने स्वतः पुढे केलेला जर्मन पाठही, या एका इंग्रजी अनुवादावरून निघाले. ज्या वाक्यरचनेची वाहवा झाली किंवा जी खटकली, ती हार्डीची होती. मंडळाने तिला इंग्रजी कादंबरी मानले ते अज्ञानाने की नाइलाजाने, हे यादीवरून कळत नाही. यादीवरून काहीच कळत नाही. २०१५ मध्ये झुरिचच्या ग्रंथालयात मूळ जर्मन टंकलिखित सापडले आणि त्यावरून फिलिप बोम यांनी केलेला नवा इंग्रजी अनुवाद २०१९ मध्ये निघाला. रुबाशॉव्हची कोठडी, भिंतीवर टकटक करून चालणारे संभाषण, चौकशीची ती रात्र, हे सारे आता दुसऱ्या शब्दांत आहे. आठव्या क्रमांकापुढे ज्यांनी पूर्वीच खूण केली होती, त्यांनी कोणते पुस्तक वाचले होते?